बी४५० बोर्ड, रायझन २६००: काय बदलू, काय राहू देऊ?

धयकालो_कुडाळ

नमस्कार मंडळी. डेस्कटॉप २०१९ च्या गणपतीत घेतलेला. प्रोसेसर रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड (रॅमचे चार स्लॉट), ८ जीबीची एकच रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी. १२० जीबी साटा एसएसडीवर विंडोज १०, बाकी सगळं १ टीबी हार्ड डिस्कवर. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ४५० वॅट, कॅबिनेटसोबत आलेला.

काम म्हणजे आमच्याकडच्या दशावतारी नाटकांचं शूटिंग आणि एडिटिंग. दोन कॅमेरे, ४के, १०० एमबीपीएस. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो, तेव्हा फाइली केवढ्या होतात बघा. टाइमलाइनवर दुसऱ्या कॅमेऱ्याचा ट्रॅक टाकला की सगळं गोठतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. गेमिंग जमलं तर जमलं, त्याची घाई नाही.

इथला दुकानदार म्हणतो, "ह्यां सगळां भंगारात घाल, नवीन एएम५ घे." (एएम५ म्हणजे प्रोसेसर बसतो ती नवी बैठक, माझी एएम४.) बजेट २५ हजार. नुसती एसएसडी घेतली तर भागेल का?

अनुस्वार

डिस्क १०० टक्के म्हणजे उत्तर समोरच आहे की. १ टीबी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी, थेट बोर्डवर बसते) घ्या. बी४५० च्या एम.२ स्लॉटला पीसीआयई ३.० मिळतं, सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास. साटा एसएसडी ५५० ला अडकते आणि हार्ड डिस्क तर त्याहून कितीतरी मागे.

रविवारचा_मेकॅनिक

अनुस्वार, एसएसडी घ्यायचीच आहे, पण आधी जरा आकडेमोड. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठने भागलं की साडेबारा एमबी. दोन कॅमेरे मिळून २५. सलग वाचायला लावली तर साधी हार्ड डिस्कसुद्धा शंभराच्या वर देते. दोन फाइलींमध्ये हेड इकडून तिकडे पळतं हे मान्य, तरी नुसत्या फुटेजने ती इतकी गुदमरायला नको. मग डिस्क भरलीय कशाने?

कुडाळकर, एक काम करा. प्रोजेक्ट उघडा, दुसरा ट्रॅक टाका आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कऐवजी मेमरीवर क्लिक करा. तिथे 'कमिटेड' नावाचा आकडा असतो. तो ८ च्या बराच वर असेल, तर जे रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतंय. शिवाय रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' (रॅममध्ये न सापडलेलं डिस्कवरून आणावं लागलं, त्याची मोजणी) बघा. गोठण्याच्या क्षणी तो आलेख उसळला तर डिस्क बिचारी रॅमची हमाली करतेय, एवढंच. आणि पेजफाइल कुठल्या ड्राइव्हवर आहे तेही सांगा.

(मी दिवसा बँकेत असतो आणि रविवारी डोंबिवलीत ओळखीपाळखीच्यांचे पीसी उघडतो. "स्लो झालाय, एसएसडी टाकून दे" हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं, म्हणून तर मोजून बघायची सवय कोणाला लागत नाही.)

धयकालो_कुडाळ

कमिटेड १९.४, हार्ड फॉल्ट्स थेट छताला. पेजफाइल डी ड्राइव्हवर निघाली, म्हणजे हार्ड डिस्कवरच! सी भरत होता म्हणून मागे एकाने ती तिकडे हलवली होती.

रविवारचा_मेकॅनिक

सापडलं. आता क्रमाने बोलू.

पहिली रॅम. १६ जीबीच्या दोन कांड्या, एकाच किटमधल्या. आहे त्या ८ ला दुसरी ८ जोडू नका. वेगवेगळ्या कांड्या चालल्या तर चालतात, नाही तर आठवडाभर निळा स्क्रीन बघत बसावं लागतं. शिवाय तुमची १९ ची भूक १६ मध्ये भागणार नाही. दोन कांड्यांनी ड्युअल चॅनल (रॅमकडे जाणारे दोन रस्ते) मिळतो तो वेगळा, आत्ता एका कांडीवर तुमचा प्रोसेसर एका नाकपुडीने श्वास घेतोय. अडचण भावाची आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅम कडाडलीय, कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. एएम५ ला डीडीआर५ लागते, म्हणजे दुकानदाराचं ऐकलं तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही नव्याने. २५ हजारांत ते बसत नाही, आणि बसवलंच तर पुन्हा १६ जीबीवर येऊन थांबाल.

जुनी डीडीआर४ बिनदिक्कत घ्या. रॅममध्ये झिजण्यासारखं काही नसतं. मुंबईला कोणी येणार असेल तर लॅमिंग्टन रोडला पाठवा, खिशात मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्ह देऊन. दुकानातल्याच मशीनवर एक पूर्ण फेरी चालवू द्या म्हणावं. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

दुसरी एनव्हीएमई. ५०० जीबी पुरे. विंडोज, पेजफाइल, कॅशे आणि चालू प्रोजेक्ट तिच्यावर, झालेले प्रयोग हार्ड डिस्कवर. तुमच्या हिशेबाने एका कॅमेऱ्याचं तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे, चार तास म्हणजे ३६० जीबी. एका वेळी एक नाटक मावतं. दोन एम.२ स्लॉट असतील तर मॅन्युअल आधी वाचा. बऱ्याच बी४५० बोर्डांवर दुसरा स्लॉट हळू असतो किंवा वापरला की साटाचे एकदोन पोर्ट बंद पडतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. २६०० हा विंडोज ११ च्या यादीत आहे. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय, ११ ला ती लागते) चालू करा आणि नव्या एसएसडीवर थेट ११ टाका.

प्रोसेसर आत्ता नको. पुढच्या वर्षी ५७००एक्स बघा. आठ कोअर, ६५ वॅट, २०२२ चा, आणि हाच बोर्ड चालतो. एएम४ ची खरी मजा हीच. गेमिंगवाले थ्रीडी कॅशेचा ५७००एक्स३डी सुचवतील, एडिटिंगला त्याचा उपयोग नाही. ५७००एक्ससोबत कूलर येत नाही हे लक्षात ठेवा. प्रोसेसर बदलण्याआधी बायॉस अपडेट करा, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आणि कूलर काढताना सरळ वर ओढू नका! पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीउजवीकडे हलका पिळत उचला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. मधली थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर लॉक लावलेला असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो.

नवा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होताना एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन, असा काळा स्क्रीन येतो. घाबरू नका, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. ती नसताना वाय दाबलं तर नाटकं गेली.

पिक्सेलपंत

सगळं पटलं, पण ग्राफिक्स कार्डाचं काय? ४के एडिटिंगला १०५० टीआय म्हणजे अन्याय आहे. जुनं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळतं.

रविवारचा_मेकॅनिक

पंत, तेवढं एक कार्ड सोडून काहीही सुचवा. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डामधला रस्ता) चारच लेन आहेत. बी४५० वर त्या ३.० च्या वेगाने धावतात, म्हणजे रस्ता निम्मा. त्याहून वाईट म्हणजे त्यात व्हिडिओ एन्कोडरच (तयार व्हिडिओची फाइल झटपट बनवणारा भाग) नाही. १०५० टीआय जुनं असलं तरी एनव्हीएन्क (एनव्हिडियाचा एन्कोडर) त्यात आहे, एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओचे दोन्ही प्रकार करतं. एडिटिंगवाल्याने पैसे खर्चून एन्कोडर घालवायचा म्हणजे कमाल आहे.

शिवाय १०५० टीआय ७५ वॅटचं. आरटीएक्स ३०६० ला १७० लागतात. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलंय म्हणून तो ४५० देईलच असं नाही. नवं कार्ड घ्यायचं त्या दिवशी आधी चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस. तोवर १०८०पीच्या प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) करून एडिट करा. रात्री लावून ठेवा, सकाळी तयार. खर्च शून्य.

अनुस्वार

हार्ड फॉल्ट्सचा टॅब मी आजवर उघडला नव्हता. ऑफिसच्या लॅपटॉपवर बघितलं, तिथेही तेच नाटक चालू आहे, फक्त दशावतारी नाही.

धयकालो_कुडाळ

अपडेट: भाचा ठाण्याहून येताना जुनी १६ च्या दोन कांड्यांची ३२०० ची किट घेऊन आला, मेमटेस्ट करूनच. एनव्हीएमई कुडाळातच घेतली, दुकानदार थोडा नाराज. काल दोन्ही ट्रॅक टाकून युद्धाचा प्रवेश कापला, प्रॉक्सीवर न अडकता चालतो. देव बरे करो! फक्त एक शंका. टास्क मॅनेजर रॅमचा वेग २४०० दाखवतोय. फसवलं का?

रविवारचा_मेकॅनिक

नाही. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी म्हणतात. तोवर रॅम आपल्या मूळ वेगानेच चालते. २६०० चा अधिकृत वेग २९३३ पर्यंतच आहे. ३२०० बहुतेक चालेल, पण मेमटेस्टमध्ये एकही चूक आली तर २९३३ वर उतरवा, एडिटिंगमध्ये फरक कळणार नाही. कांड्या कुठल्या स्लॉटमध्ये लावल्यात? प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा हवा.