मदत हवी आहे: एलएलबीचं ॲडमिशन नाकारलं, अपील कुठे करायचं?

तासगावची
कॉलेजने आज माझं ॲडमिशन नाकारलं. म्हणे पात्रता बसत नाही. माझी पात्रता बसते, मला पक्कं माहीत आहे. अपील कुठे करायचं, त्याचा फॉर्म कुठे मिळतो आणि निकाल किती दिवसांत लागतो, एवढंच सांगा. परवा संध्याकाळी पाचपर्यंतच वेळ आहे. सीईटीत मार्क चांगले आहेत, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघा" हे कृपया कुणी सांगू नका. लवकर सांगा.

गोदाकाठ
तीन वर्षांचा कोर्स की पाच? कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) सीट लागली होती की थेट कॉलेजात अर्ज केला होता? पात्रता बसत नाही म्हणजे नेमकं काय बसत नाही? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रा_शि_जोशी
तुमची पदवी मुक्त विद्यापीठाची आहे का? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत नियम ५ खाली स्पष्ट लिहिलंय की दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर लॉला प्रवेश नाही. बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर चालते. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत हेच झालं होतं. बारावीचं सर्टिफिकेट दाखवल्यावर काम झालं.

तासगावची
मुक्त विद्यापीठ नाही हो. रेग्युलर बी.कॉम. तीन वर्षांचं एलएलबी, कॅपचा दुसरा राउंड. टक्के कमी आहेत म्हणाले. ते कमी नाहीत.

गोदाकाठ
किती आहेत? आणि कॅटेगरी कुठली? ओपनला ४५, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० लागतात.

विनायक_सोलापूर
ओबीसीचा दाखला असेल तर प्रश्नच मिटला. ४२ वर येतं. नॉन-क्रीमीलेयर लगेच काढून घ्या, तहसीलला ओळख असेल तर दोन दिवसांत मिळतं.

तासगावची
ओपन. फॉर्मच ओपनमधून भरलाय. दाखल्याचा काही संबंध नाही.

मनीषा_ताई
विनायकराव, सीट एकदा ओपनमधून लागली की रिपोर्टिंगच्या दिवशी कॅटेगरी बदलता येत नाही. पोरीला नको तिकडे पळवू नका. तिचा एक दिवस वाया जाईल.
तासगावची, "कमी नाहीत" म्हणजे किती ते आकड्यात लिही गं. मार्कशीटवर टक्के छापलेत का?

तासगावची
४६.२२. सहा सेमिस्टरची बेरीज ३६०० पैकी १६६४. स्वतः कॅल्क्युलेटरवर तीनदा केली. मार्कशीटवर टक्के नाहीत, सीजीपीए (ग्रेडची सरासरी) आहे, ५.२०.

मनीषा_ताई
इथेच गोम आहे. हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतंस.

अधिकार_२००५
माझं ऐका. आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी. कोणत्या नियमाखाली नाकारलं, कोणी निर्णय घेतला, त्याची टिप्पणी, सगळं मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. मी आत्तापर्यंत कितीतरी अर्ज केलेत, भल्याभल्यांना घाम फुटतो.

गोदाकाठ
तीस दिवसांत? तिची मुदत परवा पाचला संपतेय. महिन्याने उत्तर येईल तेव्हा ती सीट पुढच्या राउंडला जाऊन दुसऱ्याच्या नावावर चढलेली असेल.

अधिकार_२००५
अर्जाने दबाव येतो. तुम्हाला अनुभव नाही म्हणून असं बोलताय.

कोर्टरोड
दबाव हायकोर्टाने येतो. कलम २२६ खाली रिट याचिका. तासगाव म्हणजे सांगली जिल्हा, त्यामुळे मुंबईला जायचीही गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, सांगली त्यातच येतं. २०२४ च्या सप्टेंबरात धनबाद आयआयटीचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं असेल. १७,५०० रुपये फी वेळेत भरता आली नाही म्हणून मुलाची सीट गेली होती, कोर्टाने ती परत मिळवून दिली.

मनीषा_ताई
ते सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्याय देण्याच्या खास अधिकारात केलं. ते अधिकार हायकोर्टाकडे नसतात. हा दाखला देऊन मुलांच्या आशा वाढवू नये. तुम्हाला निकालच हवा असेल तर २०१९ चा एमबीबीएस प्रवेशाचा बघा. विद्यार्थ्याची काही चूक नसेल आणि त्याने वेळ न दवडता कोर्ट गाठलं असेल तर दिलासा देता येतो, असं त्यात म्हटलंय. पण तो मेडिकलचा आहे आणि त्यातही "वेळ न दवडता" हे महत्त्वाचं. कोर्ट शेवटी. आधी हातात कागद पाहिजे.

तासगावची
कोर्टाचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. मला फक्त अपीलचा फॉर्म कुठे असतो ते हवंय. कोणीच सांगत नाहीये.

गोदाकाठ
कारण "अपील" नावाचा फॉर्म नसतो. तक्रार करायची असते. आता मला दोनच गोष्टी सांग. ई-स्क्रुटिनीत (कागदपत्रांच्या ऑनलाइन तपासणीत) तुझा फॉर्म मंजूर झाला होता का? आणि कॉलेजने नकार लेखी दिलाय का?

तासगावची
ई-स्क्रुटिनीत मंजूर झाला होता. म्हणून तर मेरिट लिस्टमध्ये नाव आलं. नकार लेखी नाही. खिडकीवरच्या सरांनी सीजीपीएवर पेन्सिलने गोल केला, झेरॉक्सच्या कोपऱ्यात ४४.५० लिहिलं आणि "बसत नाही" म्हणून फाईल परत सरकवली. बाबा सोबत होते. ते काही बोललेच नाहीत, फाईल छातीशी धरून बाहेर आले. येताना एसटीत मला म्हणाले, तू अभ्यास कमी केलास का? तेव्हापासून डोकं चालत नाहीये.

संख्याशास्त्र
४४.५०? थांबा. ५.२० वजा ०.७५ म्हणजे ४.४५, गुणिले दहा म्हणजे ४४.५०. हे एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं सूत्र आहे, इंजिनिअरिंगला वापरतात. त्यांनी तुमच्या बी.कॉम.च्या सीजीपीएला ते लावलंय! लॉ बार कौन्सिलच्या अखत्यारीत येतं, एआयसीटीईच्या नाही. शिवाय प्रत्यक्ष मार्क उपलब्ध असताना सूत्र लावायचं कारणच काय? ती झेरॉक्स जपून ठेवा. पेन्सिलचा आकडा पुसू नका, त्याचा आत्ता फोटो काढा.

तासगावची
काढला. म्हणजे माझे टक्के बरोबर आहेत ना?

संख्याशास्त्र
१६६४ भागिले ३६००, ४६.२२. बरोबर.

रा_शि_जोशी
पण काही विद्यापीठांत फक्त शेवटच्या वर्षाचे मार्क धरतात.

गोदाकाठ
ते श्रेणी ठरवायला धरत असतील. बार कौन्सिलच्या नियमात "एकूण गुण" असा शब्द आहे. जोशीसाहेब, अर्धवट आठवणीवर नवा गोंधळ नको.

मनीषा_ताई
मी एका लॉ कॉलेजच्या ऑफिसात अकरा वर्षं होते, त्यामुळे खिडकीच्या आतली बाजू सांगते. कॉलेजने दिलेले प्रवेश नंतर मान्यतेसाठी प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे जातात. तिथे अपात्र ठरला तर मुलाचा प्रवेश रद्द होतो आणि कॉलेजला जाब द्यावा लागतो. म्हणून सीजीपीएची मार्कशीट दिसली की क्लार्क घाबरतो आणि जे सूत्र माहीत असेल ते लावतो. त्याला तुझ्याशी वैर नाही. त्याला असा कागद हवा असतो, जो उद्या वर दाखवता येईल.
तो कागद म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं पत्र: अमुक विद्यार्थिनीला एकूण इतक्यापैकी इतके गुण, टक्केवारी इतकी. सही, शिक्का, जावक क्रमांक. जावक क्रमांकाशिवाय काउंटर सोडू नकोस. उद्या सकाळी ऑफिस उघडायच्या आत दारात उभी राहा. सगळ्या सेमिस्टरच्या मूळ मार्कशीट ने.
तिथून सरळ कॉलेजला. खिडकीवर नाही, प्राचार्यांकडे. एका पानाचा अर्ज: ई-स्क्रुटिनीत पात्र ठरले, मेरिटमध्ये नाव, सीट लागली, विद्यापीठाचं पत्र जोडलंय, प्रवेश द्यावा, नाहीतर नकाराचं कारण नियमासह लेखी द्यावं. दोन प्रती, दुसरीवर पोच. हे चालू असतानाच घरून कुणीतरी तुझ्या लॉगिनमधून आणि ईमेलने सीईटी सेलला (प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाला) तेच कागद पाठवा. तारीख-वेळ पडली पाहिजे. बाबा किंवा काका मुंबईत कुणाला ओळखत असतील तर फोर्टला न्यू एक्सेलसियर इमारतीत ऑफिस आहे, प्रत घेऊन तिथे जाऊ दे.

विनायक_सोलापूर
नाहीतर इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती सीट घ्या. तिथे एवढं बघत नाहीत.

गोदाकाठ
बघतात. ४५ टक्क्यांची अट तिथेही तीच असते. पैसे भरून नंतर प्रवेश रद्द झाला तर ती जबाबदारी तुम्ही घेणार का?

जुनं_पान
धागा जुना व्हायच्या आत विचारून घेतो. माझं वय ५३, बँकेतून व्हीआरएस घेतली आहे. एलएलबीला वयाची अट आहे का?

कोर्टरोड
राज्याच्या सीईटीला कमाल वयाची अट नाही. खुशाल द्या. पण वेगळा धागा काढा, इथे मुलीचं काम अडलंय.

तासगावची (दुसऱ्या दिवशी, दुपारी २.१०)
पत्र मिळालं. आधी म्हणाले चार दिवस लागतील. मी पेन्सिलचा कागद दाखवला आणि मुदत सांगितली, तेव्हा एका मॅडमनी स्वतः लेजर काढून बेरीज केली. ४६.२२ लिहिलंय, जावक क्रमांक आहे. आता कॉलेजला जाणाऱ्या एसटीत आहे. भावाने सकाळीच ईमेल केलाय. मनीषाताई, प्राचार्य भेटले नाहीत तर?

मनीषा_ताई
आवक विभागात दे, पोच घे, आणि तिथेच बाकावर बस. घरी जाऊ नकोस. ते ऑफिसातून निघताना समोर दिसलीस पाहिजे.

तासगावची (संध्याकाळी ६.३५)
भेटले. पत्र दोनदा वाचलं. खिडकीवरच्या सरांना बोलावून विचारलं, हे सूत्र कुठून आणलं? ते म्हणाले, दरवर्षी असंच करतो. प्राचार्यांनी माझ्यासमोर सीईटी सेलला फोन लावला, लागला नाही, मग मेल केला. अर्जावर सही करून पोच दिली आणि उद्या अकराला मूळ कागद आणि फी घेऊन यायला सांगितलं. ॲडमिशन झालं असं म्हणाले नाहीत. बाबांना मात्र मी सांगितलं की अभ्यास कमी पडला नव्हता.

गोदाकाठ
डिमांड ड्राफ्ट लागतो की ऑनलाइन, ते आत्ताच फोन करून विचार. अकरा वाजता त्यावरून अडायला नको.

जुनं_पान
माझी बी.कॉम. १९९३ ची आहे, मार्कशीट फाटली आहे. डुप्लिकेट कुठे मिळेल?