ऑफिसच्या पीसीवर विनरार, सेव्हन-झिप ठेवायचं की काढायचं?

म्हापसेकर: विनरार, सेव्हन-झिप म्हणजे अनेक फाईली दाबून एकाच फाईलमध्ये (आर्काइव्हमध्ये) ठेवणारी आणि परत उघडणारी सॉफ्टवेअर. माझं मत सरळ आहे, काढा. पणजी-म्हापशातल्या सीए ऑफिसांत आणि छापखान्यांत वर्षानुवर्षांचा विनरार सापडतो, कारण तो (आणि सेव्हन-झिपही) आपणहून अपडेट होत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये विनरारच्या 6.23 आवृत्तीने सीव्हीई-2023-40477 हे सुरक्षेतलं भोक बुजवलं (सीव्हीई म्हणजे अशा भोकांना दिलेला नोंद क्रमांक). रिकव्हरी व्हॉल्यूम (हरवलेले भाग परत मिळवायच्या जोडफाईली) वाचताना फाईलमधला डेटा नीट तपासला जात नव्हता, म्हणून बफरच्या, म्हणजे डेटासाठी राखलेल्या मेमरीच्या, हद्दीबाहेर लिहिता येत होतं. जुन्या कॉपीत ते भोक अजून आहे. विंडोज 11 आता आरएआर (विनरारचा आर्काइव्ह फॉरमॅट) स्वतः उघडतं, मग हवंय कशाला?

फोंड्याचा नेटवर्कवाला: विंडोज 11 ते उघडतं लिबआर्काइव्ह ही तयार कोड-लायब्ररी वापरून, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातच हीप ओव्हरफ्लो (राखलेल्या मेमरीबाहेर डेटा सांडणं) निघाला, सीव्हीई-2024-20696. शिवाय एईएस-256 या पद्धतीने पासवर्ड घातलेली झिप विंडोजच्या फाईल एक्सप्लोररला उघडत नाही. तुम्ही सेव्हन-झिप काढलात की क्लार्क कुठल्या तरी साइटवरून दुसरंच काही उतरवणार. विंडोज 10 वाल्यांना तर आरएआरची सोयच नाही.

म्हापसेकर: पण त्याची दुरुस्ती (पॅच) त्याच महिन्याच्या विंडोज अपडेटमधून आपसूक आली ना! फरक आहे तो इथेच.

मडगांवकार: दोघांनाही एक सांगते. ‘मेलवर अमुक एक्स्टेंशन (फाईलच्या नावाचं शेपूट, जसं .7झेड) अडवलं की झालं’ असं समजू नका. सेव्हन-झिप नावावर जात नाही, फाईलच्या सुरुवातीचे बाइट बघून फॉरमॅट ठरवतं. 2016 चं सीव्हीई-2016-2334 घ्या. मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्क इमेजमधला (अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली प्रत) कॉम्प्रेस्ड ब्लॉक वाचायला बफर 65,536 अधिक 16 बाइटांचा, आणि ब्लॉक केवढा हे मात्र फाईलच सांगणार. मोठा आकडा लिहिला की डेटा शेजारच्या मेमरीवर सांडला. सेव्हन-झिपच्या 16.00 आवृत्तीत तपासणी आली. गोव्यात मॅकची डिस्क इमेज कोण पाठवतो म्हणाल, तर तीच .7झेड नावाने पाठवता येते.

फोंड्याचा नेटवर्कवाला: म्हणूनच म्हणतो, ठेवा पण सांभाळा. हेल्प, अबाउटमध्ये व्हर्जन बघा. सेव्हन-झिप 25.01 च्या खाली नको. टूल्स, ऑप्शन्समध्ये ‘प्रॉपगेट झोन.आयडी स्ट्रीम’ला ‘येस’ करा, म्हणजे ‘ही नेटवरून आली’ ही विंडोजची खूण बाहेर काढलेल्या फाईलवरही राहते; ते मुळात बंद असतं. मग नेटवरून आलेली वर्ड फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडते.

मडगांवकार: अहो, ती खूण बाहेर काढलेल्या फाईलसाठी. ओव्हरफ्लो त्याआधीच, आर्काइव्ह वाचतानाच होतो. अनोळखी फाईल विंडोज सँडबॉक्समध्येच (बाकी पीसीपासून वेगळ्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये) उघडा, आणि होम एडिशनवर तो मिळत नाही हे खरेदीच्या वेळीच लक्षात घ्या.