सोलापूरचा माणूस टेस्ट करायला पुण्याला का जातो?

परतलेला (धागाकर्ता)

सात वर्षांपूर्वी एचआयव्हीची टेस्ट करायला मी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. आईला सांगितलं, इंटरव्ह्यू आहे. तिनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, देव्हाऱ्यातल्या सिद्धरामेश्वरापुढं हात जोडले. त्या चटणीचा घास मला गाडीत गिळता आला नाही.

हीच टेस्ट आपल्या गावात सरकारी दवाखान्यात फुकट होते. घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. पण केसपेपरच्या खिडकीवर ओळखीचा माणूस असायचा, आणि बाकावर शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नव्हता. सोलापुरात नवी पेठेतून पार्क चौकापर्यंत चालत गेलं तरी चार जण "काय, इकडं कुठं?" विचारतात.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण जायचं की नाही हे ठरवायलाच मला चौदा महिने लागले होते. पॉझिटिव्ह असतो तर ते चौदा महिने औषधाविना गेले असते आणि माझ्याकडून पुढं कुणाला लागण झाली असती हे मला कधीच कळलं नसतं.

मी समलैंगिक आहे. इथं टोपणनावानं लिहितोय, हाही कलंकाच्या धाकाचा पुरावाच समजा.

गेली काही वर्षं मी या विषयातलं मानसशास्त्राचं संशोधन वाचतोय. अमेरिकेतले संशोधक इलन मायर यांनी २००३ साली मांडलेली 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची, म्हणजे अल्पसंख्याकांवरच्या जादा ताणाची कल्पना वाचली तेव्हा कुणीतरी माझी डायरी उघडल्यासारखं वाटलं. ते म्हणतात, रोजच्या आयुष्याचा ताण सगळ्यांनाच असतो. आमच्यासारख्यांवर त्याच्या वर आणखी एक थर चढतो. प्रत्यक्ष झालेला अपमान. तो पुन्हा होईल ही सततची धास्ती. लपवण्यात जाणारी ताकद. आणि सगळ्यात वाईट, जग आपल्याबद्दल जे बोलतं ते आपल्यालाच खरं वाटू लागणं. ही चौथी गोष्ट माणसाला सावध करत नाही, बेफिकीर करते. "आपलं कुठं काय चांगलं होणार आहे" असं वाटणारा माणूस कंडोमसाठी हट्ट धरत नाही. मी धरला नव्हता.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा आहे. वेन स्टुअर्ड आणि सहकाऱ्यांनी मुंबई-बंगळूरच्या एचआयव्हीबाधितांमध्ये केलेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात एक वेगळा प्रकार नोंदवलाय, ऐकीव कलंक. स्वतःच्या वाट्याला काही आलेलं नसतं, पण दुसऱ्यावर काय गुदरलं ते कानावर आलेलं असतं, आणि तेवढ्यानंही माणूस आजार लपवायला लागतो. माझंही तेच झालं. आमच्या गल्लीतल्या एकाचं ताट घरच्यांनी वेगळं ठेवलं होतं, ही गोष्ट मी नववीत ऐकली. मला कुणी कधी काही केलं नाही. ती एक गोष्ट पुरली.

म्हणून माझं म्हणणं असं : कलंकाला एचआयव्हीच्या फैलावाचं कारण म्हणूनच मोजा. गावात दर एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, रॅली निघते, टोप्या वाटल्या जातात. तो पैसा रांग, खिडकी आणि टेबलामागच्या माणसाची जीभ सुधारण्यावर घाला. यावर मतं हवी आहेत, विरोधातलीही.

निवृत्त मास्तर

तुमच्या धैर्याला नमस्कार, पण सहमत नाही. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. नव्वदच्या दशकात भिंतीवर कवटीची चित्रं असायची, खाली 'एड्स म्हणजे मरण'. पोरं घाबरायची. त्या धाकानंच अनेक जण वाट सोडून गेले नाहीत. २०१० ते २०२३ या काळात देशात नवी लागण ४४ टक्क्यांनी घटली, हा सरकारी आकडा आहे. मग धाक कामाला आला म्हणायचा की नाही? समाजाची लाज ही आपल्याकडे कुंपणासारखी असते. ते काढलं की शेत उघडं पडतं. अमेरिकेत माणूस एकटा राहतो, त्याला ताण येणारच. आपल्याकडे कुटुंब आहे.

टेबलामागून

सर, मी बारा वर्षं याच कामात समुपदेशक आहे. कोणत्या केंद्रात ते सांगत नाही. घाबरलेला माणूस वाट सोडतो की नाही, देव जाणे. दवाखाना मात्र नक्की सोडतो. माझ्यासमोर येईपर्यंत कित्येकांच्या तोंडात बुरशीचे पांढरे थर आलेले असतात, वजन पंधरा-वीस किलोनं उतरलेलं असतं. "आधी का नाही आलात?" विचारलं की मान खाली.

ती ४४ टक्के घट कवटीच्या खात्यावर लिहू नका. २००४ पासून सरकारनं औषध फुकट केलं. २०१७ पासून रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी किती उतरल्यात याची वाट न पाहता, पॉझिटिव्ह आला की औषध सुरू होतं. आमची पीअर मुलं, म्हणजे याच लोकांमधले कार्यकर्ते, रात्री-अपरात्री बसस्टँडच्या मागं, बागेत जाऊन कंडोम देतात, टेस्टला घेऊन येतात. आणि औषधानं काय होतं? २०११ साली मोठ्या चाचणीत दिसलं की लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला पार्टनर-२ चा अभ्यास तर पुरुष-पुरुष जोडप्यांचाच होता. एक पॉझिटिव्ह, औषधावर, विषाणू दबलेला, दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय ७६ हजारांच्या वर संबंध, आणि त्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. साथ थांबवतो तो गोळी घेणारा माणूस, आणि तुमच्या कुंपणाबाहेर उभा राहतो तोही हाच.

आकडेमोड

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. भावना बाजूला ठेवून बोलतो. 'कलंक' मोजतात कसा? प्रश्नावली देऊन. आता उदास असलेल्या माणसाला सगळं जग आपल्यावर उठलंय असंच वाटतं. म्हणजे कलंकामुळं नैराश्य आलं, की नैराश्यामुळं कलंक जास्त जाणवला? त्या एका कागदावरून हे कळत नाही.

दुसरं. याच क्षेत्रात २०१४ साली मार्क हॅट्झेनब्युलर आणि सहकाऱ्यांचा एक निबंध गाजला : जास्त पूर्वग्रह असलेल्या वस्त्यांत समलैंगिक माणसं बारा वर्षं आधी मरतात. जगभर छापून आलं. पुढं दुसऱ्याला तो निष्कर्ष मिळेना, मग मूळ लेखकांच्याच विश्लेषणात आकडे भरताना चूक झाल्याचं निघालं आणि निबंध मागं घ्यावा लागला. अशा पायावर सोलापूरचा निधी फिरवायचा?

परतलेला

मागं घेतलेल्या निबंधाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तो मीही एकेकाळी लोकांना सांगत फिरायचो. आता सांगत नाही.

पण प्रश्नावलीच्या आक्षेपावर त्याच संशोधकाचं २०१० चं काम पाहा. अमेरिकेतल्या काही राज्यांनी २००४-०५ च्या सुमाराला समलिंगी विवाहावर घटनात्मक बंदी घातली. त्याच माणसांच्या बंदीआधी आणि बंदीनंतर मुलाखती झालेल्या होत्या. बंदी आलेल्या राज्यांतल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक लोकांत नैराश्यासारख्या मनोविकारांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढलं. बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. इथं 'तुम्हाला अपमान वाटतो का?' असं कुणी विचारलेलंच नाही. कायदा हेच मोजमाप. उदास माणसानं कायदा केला असं तर म्हणता येणार नाही ना?

आपल्याकडं तर कोर्टाचे निकाल चार वेळा आले. २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सैल केलं, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आवळलं, ६ सप्टेंबर २०१८ ला सोडवलं, आणि २०२३ ला लग्नाला नाही म्हटलं. २०१३ च्या डिसेंबरात मी बावीस वर्षांचा होतो. टीव्हीवर बातमी आली, वडिलांनी चॅनल बदललं. तेवढंच. पण पुढं दोन वर्षं मी कुठल्याही डॉक्टरकडं खरं बोललो नाही.

उपाय चालतो की नाही तेही तपासलं गेलंय, चेन्नई आणि मुंबईत. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांच्या एका गटाला नेहमीची टेस्ट आणि सल्ला. दुसऱ्याला त्यासोबत स्वतःला स्वीकारण्यावर, स्वतःची किंमत ओळखण्यावर गटचर्चा आणि समुपदेशन. दुसऱ्या गटात धोक्याचे संबंध जास्त घटले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छया वाटणी होती, सर, तुमच्याच पद्धतीची.

आकडेमोड

२०१० चा अभ्यास ओळखीचा आहे. तो जास्त भक्कम, मान्य. चेन्नई-मुंबईचा मूळ निबंध वाचून मगच बोलेन. पण मनोविकार आणि एचआयव्ही यांच्यात अजून दोन पायऱ्या आहेत, त्या तुम्ही उडी मारून ओलांडताय, एवढं लक्षात ठेवा.

अक्कलकोट रोड

माझ्याकडं बावीस माग हाईत, टॉवेल काढतो. काय सांगलालाव तुम्ही सगळे? तुम्ही इंटरव्ह्यू म्हणून पुण्याला गेलाव, आमचा पोरगा कुठं जाणार? बारा तासाची पाळी. दवाखान्याची खिडकी चालू असते तवा तो मागावर, तो सुटतो तवा खिडकी बंद. एक पाळी बुडाली की त्या दिवसाचे पैसे गेले. कलंक बिलंक खरं असंल, मी नाही म्हणत नाही. पण आधी संध्याकाळी सात ते दहा दवाखाना उघडा ठेवा की वो. मग बघू किती लाजतात.

टेबलामागून

यावर मी भांडणार नाही. रात्रीचं केंद्र हवंच. फक्त एक सांगते, मागावरचा पोरगा तुमच्याकडं सुट्टी मागताना कारण काय सांगेल? तिथंच तो अडतो.

घरकुल आशाताई

मी विडी कामगारांच्या वस्तीत आशा आहे. इतका वेळ वाचत होते. राग येतोय म्हणून लिहिते.

आमच्याकडं घरात पहिली टेस्ट कुणाची होते? बाईची. पोटुशी राहिली की रक्त तपासतात, त्यात एचआयव्ही असतोच. ती पॉझिटिव्ह निघते. सासू म्हणते, हीच घेऊन आली. नवरा गप्प. चार वर्षांपूर्वी एकीचं बाळंतपण मी केंद्रापर्यंत नेलं. औषध वेळेवर चालू झालं, बाळ निगेटिव्ह, देवाची कृपा. नवऱ्याचं पुरुषांशी होतं, लग्नाआधीपासून. त्याला माहीत होतं. तिला दिवसाला हजार विड्या वळून पोर सांभाळायचं आणि वर 'वाईट चालीची' हे नाव.

तुम्ही तुमच्या लपण्याचं दुःख छान लिहिलंत. त्या लपण्याचे पैसे तिनं भरले. तिच्या कलंकाचा अभ्यास कुणी केला?

परतलेला

ताई, हे तीनदा वाचलं. तिच्यावर अन्याय झाला आणि तो त्या माणसानं केला, यात मला पण-परंतु करायचं नाही.

एवढंच म्हणतो, त्याला बोहल्यावर ढकलणाराही तोच कलंक होता. मला स्वतःला तीन मुली दाखवल्या. तिसऱ्या वेळी सुपारी फुटायच्या बेतात होती. मी घर सोडून पुण्याला राहिलो, कारण मला पगार होता. त्याला तो रस्ता नसेल.

घरकुल आशाताई

रस्ता नव्हता हे कबूल. पण टेस्ट करून औषध घेणं, नाहीतर निदान कंडोम वापरणं, याला काय घर सोडावं लागतं? तुम्ही निघून गेलात म्हणून एक मुलगी वाचली. याला मी मानते. त्याला नाही मानणार.

निवृत्त मास्तर

आशाताईंचं बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतो, गुप्ततेचं इतकं कौतुक नको. पत्नीला कळलंच पाहिजे.

टेबलामागून

कायद्यात त्याची सोय आहे, सर. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट नाही, कुणाचा रिपोर्ट बाहेर फोडायचा नाही, नोकरीवरून काढायचं नाही. पण जोडीदाराला खरा धोका असेल आणि समजावूनही तो माणूस सांगत नसेल, तर त्याला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समोर बसवून सांगू शकतात. शिपायानं नाही, खिडकीवरच्यानं नाही.

आणि माझा अनुभव असा, की दार लावून, नाव न उच्चारता, "तुम्ही पुरुषांसोबत की बायकांसोबत?" हे जेवणाचं विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बहुतेक जण बायकोला स्वतः घेऊन येतात. "लग्न झालंय ना तुमचं, मग हे कसले धंदे?" असं कुणी विचारलं की तो परत येत नाही, त्याची बायकोही येत नाही. आशाताई, तुमची ती बाई आणि धागाकर्ते एकाच दारात अडलेत, असं मला वाटतं. तुम्हाला पटणार नाही कदाचित.

घरकुल आशाताई

अर्धं पटलं.

नवा सभासद ४७

धागा सोडून विचारतो, माफ करा. दोन महिने झाले असतील तर आत्ता टेस्ट करून काही उपयोग आहे का? की तीन महिने पूर्ण होऊ द्यायचे? आणि १०९७ ला फोन केला तर नाव सांगावं लागतं का?

टेबलामागून

१०९७ ला नाव सांगायची गरज नाही, फोन फुकट आहे. टेस्ट उद्याच करा. निगेटिव्ह आली तर तीन महिने पुरे झाल्यावर परत एकदा. तोवर कंडोम सोडू नका. पुढं कधी असं काही झालं तर ७२ तासांच्या आत गाठा, २८ दिवसांच्या गोळ्या मिळतात, लागण टळू शकते. तुमच्यासाठी आता ती वेळ गेली, पण टेस्टची गेलेली नाही.

परतलेला

एकट्यानं जायचं नसेल तर मला निरोप टाका. बाकावर शेजारी मी बसतो. कुणी "इकडं कुठं?" विचारलं तर माझा नंबर आहे म्हणून सांगेन.