मदत हवी आहे : जुन्या घराच्या स्लॅबची गळती

नमस्कार मंडळी. सहकारनगरात आमचं १९७२ सालचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. कॉलम नाहीत, विटांच्या भिंतींवरच स्लॅबचा भार. यंदाच्या पावसात मधल्या खोलीच्या छताला ओल आली आणि परवा रात्री देवघरासमोर ताटाएवढा पोपडा खाली पडला. आतली सळई गंजून फुगलीये. हात लावला की तांबडी पूड बोटांना लागते.

दोघं जण बघून गेले. एक म्हणतो, गच्चीवरच्या जुन्या कोब्यावरच केमिकलचा थर देऊ. दुसरा म्हणतो, जुना कोबा आधी पूर्ण काढा. मला दुसऱ्याचं पटतंय. पण सळईबद्दल दोघंही काही बोलले नाहीत, आणि खरी काळजी तीच आहे.

आजूबाजूचे तीन बंगले पाडून इमारती झाल्या. आम्हाला पाडायचं नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, दारातला आंबा त्यांनी लावलाय.

अशा जुन्या घरांची कामं केलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत आहेत का? तुम्ही असं काम करून घेतलं असेल तर खर्च किती आला आणि पुढचा पावसाळा निभावला का, तेही कृपया सांगा. तोवर त्या खोलीत कुणाला झोपू देत नाही.