किड्यांच्या बाबतीत ‘वास’ म्हणायचं की ‘गंध’? आणि ग्लोमेरुलसला काय म्हणू?

सातवी-आठवीच्या मुलांसाठी फळमाशीच्या मेंदूवर लिहितेय, माशीला वास कसा कळतो त्याबद्दल. ग्लोमेरुलसला (मेंदूतल्या चेतातंतूंच्या छोट्या गोळ्याला) अडलेय. किडनीतल्या ग्लोमेरुलसला लेखांत ‘केशिकागुच्छ’ वाचलाय, तो इथे चालेल का? आणि मशरूम बॉडीला, म्हणजे वास लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला, काय म्हणायचं? शिवाय सगळीकडे वास लिहू की गंध?

प्रतिसाद १ :
केशिकागुच्छ नको ताई. केशिका म्हणजे बारीक रक्तवाहिन्या, त्या किडनीत असतात, माशीच्या मेंदूत तसलं काही नसतं, तिथे चेतातंतूंची टोकं एकमेकांत गुंतून गोळा झालेला असतो. मी सरळ ‘गोंडा’ म्हणेन. एकाच प्रकारचे रिसेप्टर (वासाचे रेणू टिपणारी प्रथिनं) असलेल्या पेशी शृंगिकेवर (डोक्यावरच्या मिशीवर, अँटेनावर) कुठेही विखुरलेल्या असोत, त्यांचे तंतू येऊन एकाच गोंड्यात शिरतात, माशीत असे साधारण ५० गोंडे आणि मधमाशीत १६० च्या आसपास. बहुतेक वासांना एकाच वेळी बरेच गोंडे कमीजास्त जागे होतात आणि कुठले जागे झाले त्या नक्षीवरून मेंदूला वास कळतो. हे मुलांना नक्की सांगा, नाहीतर एक वास एक गोंडा असं डोक्यात बसतं.

अपवाद आहेत पण. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो त्यातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन, त्याच्यासाठी फळमाशीकडे वेगळा एकच गोंडा आहे, आणि तो जागा झाला की माशी त्या जागेपासून लांब राहते, अंडीही घालत नाही, कारण ज्या बुरशी आणि जिवाणू जिओस्मिन बनवतात त्यातले काही तिला घातक असतात. आपण ज्याला मृद्गंध म्हणून कौतुक करतो त्याचा माशीला असा अर्थ! म्हणून सुवास, दुर्गंध हे शब्द किड्यांच्या लेखात अजिबात नकोत. नुसता ‘वास’ म्हटला की बोलण्यात वाईटच वाटतं, त्यामुळे नामाला गंध आणि क्रियापदाबरोबर वास, असं मी करेन.

प्रतिसाद २ :
गोंडा मस्त. मशरूम बॉडीला ‘छत्रपिंड’ करा. द्युजार्दँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० मध्ये ते पहिल्यांदा वर्णन केले, नाव आकारावरूनच आलंय. माशीत एका बाजूला जवळपास २००० केन्यन पेशी (छत्रपिंडातल्या चेतापेशी), पण एका वासाला त्यातल्या थोड्याच पेटतात, त्यामुळे दोन वासांची सरमिसळ कमी होते आणि ‘या वासामागे साखर, त्या वासामागे शॉक’ हे शिकणं इथेच होतं. तेव्हा गोंड्यांपाशी ‘वास येणे’ आणि छत्रपिंडात ‘वास लक्षात राहणे’ अशी क्रियापदं वेगळी ठेवा, दोन्हीकडे ‘ओळखणे’ लिहिलंत तर घोळ होईल.

आणि मुंबईचा उल्लेख घालाच. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात वास नीट न कळणाऱ्या फळमाश्यांवर काम केलं, ते या विषयातलं अगदी सुरुवातीचं काम आहे. मुलांना हे माहीत असायलाच हवं.

मूळ प्रश्न विचारणारी :
दोघांचेही आभार. गोंडा, छत्रपिंड घेते. अँटेनल लोबला (मेंदूच्या ज्या भागात हे गोंडे असतात त्याला) ‘शृंगिकाखंड’ लिहिलंय, कोणाला खटकत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.