मदत हवी आहे: हीलरला लढता यायलाच हवं का?

नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण रविवारी खारघरला एकाच्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रचायचा टेबलावरचा गेम) खेळतो, २०१४ चे रूल्स, डीएम मी, म्हणजे गोष्ट आणि शत्रू माझ्याकडे. एक जण ठाण्याहून येते, तिची क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) म्हणते मी शस्त्र उचलणार नाही, फक्त बरं करणार. आयडिया मला जाम आवडली, पण बाकीचे कुरकुरतायत की फाइटमध्ये आपला एक माणूस कमी पडतो.

आता त्यांचंही अगदीच चुकीचं नाही, कारण या गेममध्ये मारा जेवढा होतो तेवढं हीलिंग भरून काढत नाही, क्युअर वुंड्स या बरं करायच्या जादूला पहिल्या लेव्हलला एक डी-८ (आठ बाजूंचा फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेचा जादा आकडा), त्यात अख्खी अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते आणि पेशंटला हात लावायला जवळ जावं लागतं, तोवर ओगर राक्षस एका फटक्यात त्याहून जास्त काढतो. हीलिंग वर्ड (दुसरी बरं करणारी जादू) बोनस अ‍ॅक्शन (त्याच पाळीतली छोटी जादा कृती) आहे, साठ फुटांवरून चालतं, पण मग उरलेल्या अ‍ॅक्शनमध्ये ती करणार काय? नुसती बसून राहिली तर तिलाच बोअर होईल.

मी तिला ब्लेस ही जादू सुचवली, तिघांच्या अटॅक आणि सेव्हला (संकट टाळायला टाकलेल्या फाशाला) डी-४ मिळतो, शिवाय सँक्चुअरी (संरक्षणाची जादू) आणि हेल्प अ‍ॅक्शन (साथीदाराला मदत). पण ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन लागतं, मार बसला की सेव्ह करा, नाहीतर जादू तुटते, म्हणजे निदान चांगलं चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) तरी हवंच ना? (मेस, म्हणजे तिची गदा, बिचारी पिशवीतच आहे.)

असा न लढणारा हीलर कोणी लांब कॅम्पेनमध्ये (बरेच दिवस चालणाऱ्या गोष्टीत) चालवलाय का? सेक्रेड फ्लेम (मारा करणारी साधी जादू) तरी घ्यायला सांगू की एन्काउंटर (गोष्टीतल्या लढती) मीच बदलू?