चिनूचं अठरावं आणि माझी स्थळं

अर्धं_हळकुंड:

नमस्कार. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी २६ वर्षांची. सांगलीजवळ राहते, पतसंस्थेत नोकरी. धाकटा भाऊ चिनू (नाव बदललंय) १७ चा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बोलतो, पण त्याचं बोलणं म्हणजे एसटी. सांगली-स्वारगेट गाडीचे थांबे क्रमानं म्हणतो. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा. मधला एखादा तुम्ही गाळलात तर परत सांगलीपासून सुरुवात. इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं हे त्याला अजून मंजूर नाही. निघायचं असलं की "डबल बेल" म्हणतो, पुरे झालं असलं की "सिंगल बेल". मागच्या पावसाळ्यात आई तापानं झोपून होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून दिवसभर "गाडी बंद पडली, गाडी बंद पडली" चाललं होतं. त्याला काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.

आता मुद्दा. मला स्थळं येतात. पहिल्या दोन वेळी पाहुणे यायच्या आधी चिनूला मिरजेला मावशीकडं पाठवलं. रविवारी सकाळी तो बाबांबरोबर स्टँडवर गाड्या बघायला जातो, ते चुकलं, की रात्रभर झोप नाही, त्याला आणि कुणालाच. तिसऱ्या वेळी मावशी तुळजापूरला गेली होती. त्याला आतल्या खोलीत टॅब देऊन बसवलं. पोह्याच्या बशा फिरल्या आणि हा बाहेर आला. मुलाच्या काकांसमोर उभा राहून, "डबल बेल. डबल बेल." म्हणजे निघा आता. काकांनी विचारलं, हा कोण? आई म्हणाली, शेजारचा आहे, येतो अधूनमधून.

मी ट्रे धरून उभी होते. मीपण काही बोलले नाही.

निरोप आला, नाडी जुळत नाही.

दुसरं म्हणजे कार्तिकात तो १८ चा होतोय. त्याची शाळा १८ पर्यंतच. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, पुढं वडिलांची सही चालणार नाही, कायदेशीर पालकाचा कागद आणा. बाबा साखर कारखान्यात आहेत, दोन वर्षं राहिली. ते म्हणाले, मग आत्ताच तुझं नाव घालू, आमच्या माघारी तूच आहेस. जेवताना म्हणाले, भाकरी मोडता मोडता. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

आणि तिसरी गोष्ट घरात कुणालाच माहीत नाही. मला पुण्यात नोकरी मिळतेय. महिन्याभरात कळवायचंय.

स्थळाला भावाबद्दल कधी सांगावं? आणि पालक म्हणून माझं नाव लागलं तर पुढं काय काय अंगावर येतं? कुणी यातून गेलं असेल तर लिहा.

---

खडकवासलेकर:

मी यातून गेलोय, पण टेबलाच्या पलीकडून. माझा मेव्हणा स्वमग्न आहे, आता ३१ चा.

पोहे व्हायच्या आधी बायकोनं स्वतः फोन केला होता. म्हणाली, भाऊ असा आहे, घरात दिसेल, हात झटकेल, तुम्हाला चालत नसेल तर यायची तसदी घेऊ नका. मी गेलो. खरं सांगायचं तर उत्सुकता म्हणून गेलो, थोर वगैरे काही नाही.

माझ्या आईला एकच भीती होती, पुढच्या पिढीत येईल का. हा प्रश्न तुमच्या पाहुण्यांच्याही मनात असणार, तोंडावर कुणी विचारत नाही आणि मग नाडी जुळत नाही. आम्ही लग्नानंतर जनुकतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, पण बहुतेकांमध्ये बोट ठेवावं असं एकच कारण सापडत नाही. काही मोजक्यांमध्ये मात्र सापडतं. त्यातलं एक फ्रॅजाइल एक्स, हा एक जनुकीय दोष. त्यात बहीण स्वतः ठणठणीत असून वाहक असू शकते. म्हणून आधी मेव्हण्याची रक्ततपासणी केली. त्यात फ्रॅजाइल एक्स निघालं नाही, आई गप्प बसली. चिनूची कधी केली नसेल तर डॉक्टरांना विचारून ठेवा. पाहुण्यांसाठी नको, तुमच्यासाठी.

कधी सांगावं? पत्रिकेच्या आधी. आणि आईबाबांकरवी नाही, स्वतः.

---

शुभचिंतक७७:

ताई, लहानपणी मोबाईल जास्त दिल्याने असे होते. माझ्या पाहण्यात स्टेमसेलच्या (मूलपेशींच्या) उपचाराने ९०% बरी झालेली मुले आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

---

अर्धं_हळकुंड:

@शुभचिंतक, चिनूचं निदान चौथ्या वर्षी झालं तेव्हा आमच्या घरात बटणांचा एकच फोन होता आणि त्यावर साप सफरचंद खायचा. तोही बाबांच्या खिशात.

स्टेमसेलसाठी बाबा एका ठिकाणी चौकशी करून आले होते. वीस गुंठे विकायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानंच सांगितलं की स्वमग्नतेसाठी स्टेमसेलची शिफारस करता येत नाही आणि तशी जाहिरात करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन धरलं जाईल. रान वाचलं. व्यनि करणार नाही.

@खडकवासलेकर, रक्ततपासणीचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या बायकोला नमस्कार सांगा. तो फोन करायला मला किती दिवस लागतील माहीत नाही.

---

निवृत्त_फिटर:

पोरी, मी साठी ओलांडलेला, म्हणून एकेरी लिहितो. नाशिकला असतो. माझा थोरला २९ चा. कागदांचं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, तुझ्या बाबांचा एक गैरसमज झालाय, तो आमचाही झाला होता. मूल १८ चं झालं की आईबापही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. तोवरचे ते नैसर्गिक पालक. त्यानंतर त्यांना स्वतःलाच अर्ज करावा लागतो. म्हणजे बँकेला हवा तो कागद आत्ता आईबाबांच्या नावानं निघतो. दोघांनी मिळून अर्ज करायचा. तुझं नाव आत्ता घालायची गरजच नाही. भाऊ-बहीण पालक होऊ शकतात, नातेवाईक होऊ शकतात, नोंदणी झालेली संस्था होऊ शकते, आणि पुढं गरज पडली की बदलताही येतो. ते बघू पुढच्या पुढं.

हे सगळं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली येतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच तो आहे. कोर्टात जायचं नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडं अर्ज. त्यात एक संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालक खरंच लागतो का आणि कशापुरता लागतो, हे त्यांनी बघायचं असतं. आमच्या वेळी एका कार्यालयात टेबलावरच्या गृहस्थांना असा कायदा आहे हेच ठाऊक नव्हतं. मी कायद्याची झेरॉक्स घेऊन गेलो, त्यांनी चहा पाजला, आणि पुढच्या खेपेला ती झेरॉक्स हरवली म्हणाले. तीन प्रती ने.

अंगावर काय येतं विचारलंस. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्याच्या स्थावर मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. तू पतसंस्थेत आहेस, तुला हसू येईल. मी स्पॅनर धरणारा माणूस, मला पहिल्या वर्षी घाम फुटला.

दुसरं बाबांच्या पेन्शनचं. कारखान्यात म्हणजे भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन असणार. सभासदाच्या माघारी कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट न लावता पेन्शन मिळते, अशी त्यात तरतूद आहे. चिनू त्यात बसतो का ते बाबा नोकरीत आहेत तोवर विचारून घ्या, आणि कारखान्याच्या कागदांत कुटुंबात त्याचं नाव आहे ना ते आधी बघा. आमच्या एका ओळखीच्यांनी लाजेपायी मुलाचं नावच लावलं नव्हतं.

राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर काढा. लाखापर्यंत, आधी कसली तपासणी नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर मुदत लिहिलीय का बघा.

आईचं "शेजारचा" हे मनाला लावून घेऊ नकोस. मी एकदा रेल्वेत माझ्या पोराला मुका म्हणून सांगितलंय, कारण मुका लोकांना लगेच समजतो.

---

फळा_खडू:

मी कोल्हापुरात विशेष शिक्षिका आहे. कागदांचं काकांनी नीट सांगितलंय.

एकच विचारते. चिनूची दाढी कोण करतं?

---

अर्धं_हळकुंड:

आई. का?

---

फळा_खडू:

वाटलंच होतं. १७ वर्षांचा मुलगा, आई गुडघे टेकून त्याची दाढी करते, तो हलतो, ती रागावते. बरोबर ना? आंघोळीला पाणीही तीच काढत असेल.

घरोघरी १८ आले की सगळे प्रमाणपत्राच्या मागे धावतात आणि शाळा सुटल्यावर सकाळी दहा वाजता मुलगा खाटेवर बसून असतो. पहिल्या सहा महिन्यांत दहा किलो वजन वाढतं, चिडचिड वाढते, मग डॉक्टर, मग गोळ्या. शाळा सुटायच्या आधी दिवस बांधायला घ्या. त्याच्यासाठी अजून पाच-सहा महिने आहेत.

ब्लेड नको, बॅटरीचा ट्रिमर. पहिला आठवडा तो बंदच हातात द्या. मग सुरू करून फक्त आवाज ऐकू द्या, मग गालाला लावू द्या. आरशाशेजारी त्याचेच पाच फोटो क्रमानं चिकटवा. तो थांब्यांचा माणूस आहे, तर त्याला थांबेच द्या: उजवा गाल, डावा गाल, ओठाच्या वर, हनुवटी, ट्रिमर डब्यात. एक गाळला तर तोच परत सांगलीपासून सुरू करेल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. असंच दार लावून आंघोळ, दार लावून कपडे बदलणं. हे आत्ताच व्हायला हवं. बहीण असल्यानं तुम्हाला अवघड जाईल, तेव्हा ते बाबांकडं द्या.

त्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा मोबाईलवर जेलो हे ॲप वापरून बघा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं केलेलं आहे, फुकट आहे, चित्रं दाबली की बोलतं, मराठीतही. डबल बेल मात्र काढून घेऊ नका. ते त्याचं स्वतःचं आहे.

आणि घरात, शेतात किंवा ओळखीच्या दुकानात खरं काम शोधा. मणी ओवायला लावू नका. माझा एक विद्यार्थी भुसार दुकानात पाव-पाव किलोच्या पुड्या बांधतो, काट्यावर एक ग्रॅम इकडचा तिकडं होत नाही. मालक वैतागतो, कारण हा गिऱ्हाइकाला दोन दाणेही जास्त जाऊ देत नाही.

---

अर्धं_हळकुंड:

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

फिटरकाकांचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. "आईबापही पालक राहत नाहीत" यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, सतरा वर्षं मी कोण होतो मग? दुसऱ्या दिवशी मात्र कारखान्यात जाऊन आले. चिनूचं नाव कागदांत होतं, स्पेलिंग चुकीचं. ते दुरुस्तीला दिलंय. अर्ज आईबाबांच्या नावानं होतोय.

पुण्याचं त्याच रात्री सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी भाजीपुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी विचारलं, तिकडं भाडं किती पडतं. याला होकार म्हणायचं की नाही मला अजून कळलेलं नाही.

ट्रिमर आणला. आठव्या दिवशी उजव्या गालापर्यंत आलोय. डावा गाल म्हटलं की "सिंगल बेल". बाबा म्हणतात, गाडी आष्ट्यालाच थांबलीय.

नवीन स्थळ आलंय, इचलकरंजीचं. फोन मीच केला. बोटं गार पडली होती. सगळं सांगितलं, हळदी रंगाच्या साडीत उभं राहून सांगण्यापेक्षा हे सोपं निघालं. मुलगा म्हणाला, घरी विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. चालेल.

आता एक फालतू अडचण. अर्जाला त्याचा पासपोर्ट साईज फोटो लागतोय. स्टुडिओत दोनदा नेला, छत्रीवाल्या दिव्याचा फ्लॅश पडला की कान दाबून डोळे मिटतो. दुसऱ्यांदा फोटोग्राफरच म्हणाला, आता राहू द्या.

---

निवृत्त_फिटर:

स्टुडिओत नेऊच नको. घरी सकाळी, खिडकीकडं तोंड करून बसव. मागं भिंतीवर पांढरी चादर ताणून लाव, सुरकुती नको. फ्लॅश बंद, मोबाईलचा आवाज बंद. आणि कॅमेरा धरणाऱ्याच्या मागं बाबांना उभं करून थांबे म्हणायला लाव, मधला एक मुद्दाम गाळून. बघेल की नाही वर?

---

अर्धं_हळकुंड:

आला फोटो. उंब्रज गाळलं. रागानं बघतोय, पण डोळे उघडे आहेत.